दोन कुलपांची पेटी

एक

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मापखोलीतली पेटी उघडली, तर आत नुसता मखमलीचा खड्डा. गेज गायब.

गेज म्हणजे मापाचा पोलादी दांडू. वीतभर लांब, मधे हात घसरू नये म्हणून जाळीदार खरबरीत पकड, आणि दोन्ही टोकांची तोंडं अशी घासलेली की आमचे मॅनेजर क्षेमकल्याणी साहेब त्यात बघून भांग पाडायचे. साहेबांना केस नव्हते, पण ती गोष्ट वेगळी. विमानाच्या भागाला जे भोक पाडायचं, त्यात गेजचं एक तोंड गेलं पाहिजे आणि दुसरं अडलं पाहिजे. तसं झालं तर भाग पास, नाहीतर भंगार.

हे अठ्ठ्याहत्तर सालचं. कारखान्याचं नाव मी सांगत नाही. ओझरचा बडा कारखाना नव्हे. त्याच्या अलीकडे, आग्रा रोडला, आमचा लहानसा होता. आता तिथे मंगल कार्यालय आहे. मी तिथे जीप चालवायचो, म्हणून मला सगळं माहीत. साहेब लोकांना वाटतं, ड्रायव्हरला फक्त हात-पाय असतात.

रशियाशी आपली दोस्ती कशी वाढली, ते मोठ्या पुस्तकांत असेल. मी पाहिलं ते असं. आधी विमानं तयार खोक्यांतून यायची. आपण पंख जोडायचे आणि टाळ्या वाजवायच्या. मग खोक्यांत सुटे भाग येऊ लागले. एकाहत्तरला मैत्रीचा करार झाला, मग नुसते पत्रे आले. पुढे पत्रेही थांबले, नकाशे तेवढे यायला लागले, आणि प्रत्येक नकाशाबरोबर एक रशियन. आमच्या वाट्याला गेन्नादी रोगोव आला. हा गडी एवढा उंच की त्याच्या डोक्यासाठी मी जीपच्या ताडपत्रीला भोक पाडलं होतं. पावसाळ्यात त्याच्यावर घमेलं उपडं घालायचो.

रोगोवचं म्हणणं, भाग तुम्ही करा, माप आमचं. दिल्लीचं म्हणणं, माप आमच्या जमिनीवर, तर कुलूप आमचं. शेवटी पेटीला दोन कुलपं बसली. एक किल्ली रोगोवच्या गळ्यात, दुसरी क्षेमकल्याणी साहेबांच्या खिशात. दोस्ती इतकी घट्ट होती की पेटीजवळ कुणी कुणाला एकटं सोडत नव्हतं.

पेटी शेवटची उघडली होती खंडेनवमीच्या सकाळी. मापणाऱ्या सहादू पगारेनं गेज काढला, माप घेतलं, परत ठेवला, दोघा साहेबांनी आपापलं कुलूप लावलं. कुलपं शाबूत, किल्ल्या ज्याच्या त्याच्याकडे. म्हणजे उरलं काय? ठेवल्यासारखं करून सहादूनंच गेज बाहीत सरकवला असणार. गेटवर झडती असते, बाहेर नेता येत नाही, म्हणून आतच कुठेतरी लपवला असणार. कपाटं उघडली. सहादूच्या कपाटात, डब्याच्या पिशवीमागे, फडक्यात गुंडाळलेला गेज निघाला.

संध्याकाळी पोलिसांची गाडी येणार होती. संरक्षणाचा मामला, एकदा का माणूस त्या गाडीत बसला, की त्याची नोकरी, घर, नाव, सगळं त्याच गाडीतून जातं.

दोन

रोगोवचा जबाब मराठीत आणायला दुभाषी हवी, म्हणून मी शरणपूरला जाऊन लताबाई सत्राळकरांना आणलं. ख्रिस्ती वस्तीतल्या, पन्नाशीच्या, पुण्यात रशियन शिकलेल्या. कारखान्यात त्या कुणालाच आवडत नसत. रशियन म्हणायचे, ही बाई आमचं बोलणं आहे त्यापेक्षा कडक करून सांगते. आपले म्हणायचे, आमचं मऊ करून सांगते. बाई म्हणायच्या, दोघंही खोटं बोलतात, मी फक्त इकडचं तिकडे करते.

मापखोलीत रोगोवनं चार वाक्यांत जबाब संपवला. किल्ली क्षणभरही गळ्यातून निघाली नाही. पगारेवर विश्वास टाकला ही चूक झाली.

"झालं?" साहेब म्हणाले. त्यांची दाढी वाढलेली होती, चुलते वारल्याचं सुतक चालू होतं. "मिस सत्राळकर, सही करा आणि निघा. जीप तयार आहे."

बाई मात्र टेबलावरच्या गेजकडे बघत होत्या. "ह्या पकडीत लाल काय आहे?"

"गंज. पगारेचे घामट हात."

"पेट्रोलियम जेलीत ठेवता ना हा? मग गंज कसा?"

फोरमन पुंजा आहेर खिडकीशी उभा होता. सटाण्याकडचा, भरघोस मिशांचा, मापखोलीचा कर्ताकरविता. तो म्हणाला, "बाई, तुम्ही भाषेचं बघा. लोखंडाचं आम्हाला कळतं."

बाईंनी अंबाड्यातला आकडा काढला, पकडीच्या जाळीत फिरवला आणि जे निघालं ते पांढऱ्या कागदावर झटकलं. मी दारातून मान लांब केली. गंज तपकिरी असतो. हे लालभडक होतं, आणि त्यात पिवळे कणही होते.

कागद साहेबांच्या नाकाखाली धरून बाई म्हणाल्या, "साहेब, मॉस्कोत हळदीकुंकू करतात का?"

तीन

सहादू पगारेला स्टोअरच्या खोलीत कोंडलं होतं. देवळाली गावाकडच्या बौद्ध वस्तीतला, चाळिशीचा माणूस. गरीब गाय वगैरे अजिबात नव्हता. कारखान्यात त्याच्याइतका तोंडाळ आणि ताठ कुणी नसेल. रोगोवनं माप घ्यायला त्यालाच निवडलं होतं, आणि सहा महिन्यांच्या शिक्षणाला मॉस्कोला जाणाऱ्यांत त्याचं नाव पहिलं होतं.

"तुम्ही पण आलात का उलटतपासणीला?" तो बाईंना म्हणाला. "बसा. खुर्ची नाही, ग्रीसचा डबा आहे."

"खंडेनवमीला मापखोलीत पूजा झाली. तू होतास?"

"पेटी बंद झाली तसा मी दुपारच्या बसनं घरी गेलो. दुसऱ्या दिवशी आमचा धम्मचक्राचा कार्यक्रम, वस्तीतली सगळी तयारी माझ्याकडे."

"पूजेला थांबला नाहीस?"

"मला कुणी बोलावत नाही. बोलावलं तरी मी जात नाही. दोन्हीकडून बरोबर चाललंय."

"आयुष्यात कधी हत्याराला कुंकू लावलंयस?"

"बाई, माझ्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून घरात कुंकवाची कोयरी नाही. मी हत्यार पुसतो, तेल लावतो, जागेवर ठेवतो. त्याच्यापुढे हात जोडत नाही. आहेरांना तेच सलतं."

"तुझ्यानंतर मॉस्कोच्या यादीत कोण?"

सहादू हसला, पण ते हसू फार बरं नव्हतं. "वाळू. आहेरांचा भाचा. त्याला मापता काही येत नाही, पण स्वेटर विणून तयार आहे म्हणे."

बाहेर येऊन बाई जीपला टेकल्या. "काय रे, तुला काय वाटतं?"

मी म्हटलं, "कुंकू पूजेतलं. म्हणजे पूजा लागल्यावर गेज पेटीबाहेर होता. पण पेटी तर सकाळीच बंद झाली."

"म्हणजे?"

"म्हणजे पुन्हा उघडली. दोन्ही किल्ल्यांनी."

"आणि त्यातली एक तर ह्या लांबोड्याच्या गळ्यातून निघालीच नाही," बाई म्हणाल्या. "बोलाव त्याला."

चार

रोगोव आत बोलायला तयार होईना. शेवटी जीप गेटाबाहेरच्या चिंचेखाली लावली आणि दोघं मागे बसले. मला चार वर्षांत रशियन शिव्या तेवढ्या येत होत्या. त्या दिवशी तेवढ्यावर निम्मं संभाषण कळलं. उरलेलं बाईंनी नंतर सांगितलं.

बाई म्हणाल्या, "किल्ली दाखव."

"का?"

"किल्ली नको तर तिची दोरी दाखव. कॉलरमधून दिसतेच आहे. सुती दोरी, पांढरी. आता ती मधेच लाल का झालीय?"

रोगोवनं कॉलर ओढली. "धूळ. तुमच्या देशाची धूळ."

"आमच्या देशाची हळद. हळद लागली म्हणून तू साबण लावलास. साबण लागला की हळदीचा डाग लाल होतो आणि बसतो. आमच्या पोरींना हे सातव्या वर्षी कळतं. तुला सांगायला घरात कुणी नव्हतं."

मग शिव्या सुरू झाल्या. आधी बाईंना, मग आहेरला, मग नाशिकच्या उन्हाला. शिव्या संपल्यावर खरं निघालं.

मापखोलीतली पूजा वेगळी होती, मोठ्या शेडमधली वेगळी. मापखोलीत तिघंच. आहेर पूजा मांडत होता, रोगोव बघत होता, साहेब उंबऱ्याबाहेर होते. टेबलावर लाल कापड, त्यावर मायक्रोमीटर, कॅलिपर, सगळी हत्यारं. आहेर तीन वर्षं मागत होता की मोठा गेजही पूजेत ठेवा, आणि रोगोव तीन वर्षं नाही म्हणत होता. त्या दिवशी आहेर म्हणाला, गेज नाही तर निदान किल्ली ठेव. आम्ही आमच्या साहेबांची ठेवतोय. करारावर सह्या करता, मिठ्या मारता, आणि साधी किल्ली झेंडूखाली ठेवायला भिता?

"मी भितो?" रोगोव म्हणाला होता, आणि दोरी काढून कापडावर टाकली होती. मग कळलं की मांडलेली पूजा हलवायची नसते. दसरा उलटेपर्यंत उचलायचं नाही. शेड बंद होणार, गेटवर पहारा. म्हणून गप्प बसला. आज सकाळी आहेरनं हात जोडून, अक्षता टाकून, किल्ली परत दिली.

"हे लिहून दे," बाई म्हणाल्या.

"लिहिलं तर मी पहिल्या विमानानं परत. तिथे मला विचारतील, मूर्तीपुढे किल्ली ठेवलीस? मग मला कारखाना मिळणार नाही, घर मिळणार नाही. पगारे चांगला मापतो. इथे एवढा एकच माणूस मापतो. पण त्याच्यासाठी मी माझं घर देऊ?"

"तो तुझ्या खोट्यासाठी तुरुंगात जाणार आहे."

"जाईल," रोगोव म्हणाला आणि जीपमधून उतरला. उतरताना ताडपत्रीचं भोक आणखी फाटलं.

पाच

चार वाजता बाईंनी सगळ्यांना मापखोलीत जमवलं. रोगोव, साहेब, आहेर. मला पंच म्हणून उभं केलं, कारण दुसरं कुणी रिकामं नव्हतं.

"पूजा झाली," बाई म्हणाल्या, "आणि सगळा कारखाना कॅन्टीनला जिलबी खायला गेला. रोगोवही गेला. त्यानं किती खाल्ली ते अजून आचारी सांगत फिरतोय. शेवटपर्यंत तो ताटावरून उठला नाही. पगारे बसनं घरी. साहेब सुतकामुळे गेले नाहीत, आपल्या केबिनमध्ये बसले. आणि आहेर, तुम्ही?"

"समईजवळ कुणीतरी लागतं. दिवा एकटा सोडत नाय."

"म्हणजे दोन किल्ल्या झेंडूखाली, पेटी समोर, आणि आसपास फक्त तुम्ही दोघं."

साहेब उसळले. "माझी किल्ली माझ्या खिशात होती."

"नव्हती. सुतकात तुम्ही आत आला नाहीत, उंबऱ्यावरून आहेरांच्या हातात दिलीत. तुम्ही आणि रोगोव, दोघांनी एकमेकांना न विचारता एकच थाप मारली. चार वर्षांत पहिल्यांदा तुमचं जमलं."

रोगोवला त्याचं भाषांतर हवं होतं. बाईंनी केलं. त्याला ते आवडलं नाही.

"आता बघा," बाई पुढे म्हणाल्या. "गेज नुसता पूजेचा हात लागून लाल झालेला नाही. तसं असतं तर सगळीकडे बरबटला असता. पकडीवर एकाच जागी आधी हळद, वर कुंकू, आणि घासलेल्या तोंडांना कणही नाही. हौसेनं, जाणत्या हातानं टिळा लावलाय. नंतर पुसला, पण जाळीतलं निघालं नाही. चोरी करताना कुणी टिळा लावतं का? दुसऱ्या कुठल्याही दिवशी नाही. पण खंडेनवमीला हातात आलेलं हत्यार तसंच ठेवायचं नाही, असं ज्याच्या हाडात आहे, तो लावतो. मग तो हात साहेबांचा की आहेरांचा?"

"साहेबांचाही असेल की," आहेर म्हणाला.

"साहेब सुतक पाळतात. इतकं पाळतात की कुलूप-किल्लीचा सरकारी नियम मोडला, पण उंबरा ओलांडला नाही. सुतकात पूजेतली किल्ली उचलताना ज्याला काही वाटत नाही, तो गेजला कुंकू लावत बसणार नाही. आणि ज्याला कुंकू लावल्यावाचून राहवत नाही, तो सुतकात पूजेला शिवणार नाही. दोन्ही गोष्टी करील असा माणूस ह्या खोलीत एकच उरतो. ज्याला सुतक नव्हतं."

आहेरनं मिशीवरून हात फिरवला.

बाई म्हणाल्या, "मला कबुली नको. एवढंच म्हणा, की ह्या गेजला मी कुंकू लावलं नाही. त्या समईकडे बघून म्हणा. मग मी जबाबावर सही करते आणि घरी जाते."

त्यानं समईकडे पाहिलं. मग आहेर म्हणाला, "चोरी नाय केली, असं हजारदा म्हणीन. पूजा नाय केली, असं नाय म्हणणार." आणि मग गावाकडच्या बोलीत, स्वतःशीच, "मी पूजा करेल शे." म्हणजे, मी पूजा केलीय.

"आणि नंतर पगारेच्या कपाटात?"

"त्याचं कुलूप खिळ्यानं उघडतं. तीन वर्षं हात जोडून गेज मागत होतो, ह्या रशियनानं दिला नाय. आणि त्याच्या हातात रोज देतो. जो साधा नमस्कार करत नाय त्याच्या." त्यानं मान वर केली. "तो मॉस्कोला गेला असता, तर परत येऊन माझ्या डोक्यावर बसला असता. वाळूचं सोडा, तो गाढव आहे."

मला वाटलं, संपलं. पण क्षेमकल्याणी साहेबांनी दार लावून घेतलं.

"आहेर, तुम्ही काही बोलला नाहीत. आम्ही काही ऐकलं नाही," ते म्हणाले. "हा दोन देशांचा प्रश्न आहे. मैत्रीवर डाग नको. पगारे राजीनामा देईल, पोलिसांना आपण गैरसमज झाला म्हणून सांगू. मिस सत्राळकर, हे त्यांना सांगा."

बाईंनी दगडी चेहऱ्यानं सांगितलं. रोगोवनं मान डोलावली, आणि साहेबांशी हात मिळवला.

सहा

सहादूला बोलावलं. साहेबांनी त्याला फार गोड शब्दांत सगळं समजावलं. राजीनामा दे, बदनामी नाही, दुसरीकडे नोकरीला शब्द टाकू.

सहादू गेजकडे बघत उभा होता. "देतो," तो म्हणाला. "कागद आणा."

साहेबांनी लगेच कागद पुढे केला.

"पण हा गेज दोन दिवस पेटीबाहेर होता," सहादू म्हणाला. "पेटीबाहेर राहिलेला गेज पुन्हा तपासून मापणाऱ्यानं आणि ह्या रशियन साहेबानं सही केल्याशिवाय वापरायचा नाही, हा नियम ह्यानंच केलाय. मापणारा म्हणून त्यांनी पास केलेला माणूस इथे एकटा मीच. मी गेलो की शेडमध्ये थप्पी लागलेले भाग तिथेच राहणार. मग मॉस्कोहून मापणारा मागवा. ते विचारतील, जुना कुठे गेला? काय सांगाल ते दोघं मिळून ठरवा. आत्ता तुमचं जमतंय तोवर."

बाईंनी भाषांतर केलं. एकही शब्द मऊ केला नाही, कडकही केला नाही. मी साक्षीला होतो.

रोगोव उभाच होता. त्याचं डोकं पंख्याच्या पात्यांना लागेल की काय अशी मला भीती वाटत होती. मग तो खुर्चीत बसला. एवढा मोठा माणूस बसला की खोलीत उजेड वाढतो. त्यानं बाईंकडून आपला जबाब परत घेतला, उभा-आडवा फाडला, आणि कोऱ्या कागदावर लिहायला लागला. लिहिताना त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. शेवटी सही करून कागद साहेबांकडे सरकवला. साहेबांना बगल द्यायला जागा उरली नाही. त्यांच्या किल्लीचंही त्यात होतं. त्यांनी सही केली तेव्हा सुतकापेक्षा वाईट दिसत होते.

पोलिसांची गाडी आली ती आहेरला घेऊन गेली. जाताना तो सहादूपुढे थांबला. "तुझी माफी मागणार नाय मी."

"नका मागू," सहादू म्हणाला. "मला द्यायची नाही."

साहेबांची बदली झाली, कुठे ते विचारू नका, तिथे जीप जात नाही. मॉस्कोहून रोगोवला बोलावणं आलं. आणि सहादूची जाण्याची तारीख आधीच ठरलेली होती, तिकीट आधीच काढलेलं होतं. सरकारनं दोघांना एकाच विमानात घातलं, शेजारी शेजारी. लताबाई दुभाषी म्हणून बरोबर होत्या, म्हणून हे मला कळलं, आणि बाई थापा मारत नाहीत. त्या कामाला मी आहे.

मुंबईपासून मॉस्कोपर्यंत दोघं एक शब्द बोलले नाहीत. बाईंना वाटलं, ह्या प्रवासाचा भत्ता फुकटच मिळाला. मॉस्कोला उतरले तेव्हा बर्फ पडत होतं. सहादूच्या अंगात सरकारी कोट होता, डोकं उघडं. त्यानं बर्फ आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, तेही केसांत. तो शिडीवरून खाली आला आणि कुडकुडत उभा राहिला.

मागून रोगोव उतरला. त्यानं आपली लोकरी टोपी काढली आणि सहादूच्या डोक्यावर ठेवली. ती नाकापर्यंत खाली आली.

सहादूनं टोपी काढली, आतून बाहेरून नीट बघितली आणि परत त्याच्या हातात दिली.

"बाई, ह्याला सांगा," तो म्हणाला, "माप चुकलंय."

मग पिशवीतून मफलर काढून त्यानं कानांना गुंडाळला आणि बर्फातून पुढे चालू लागला. रोगोव टोपी हातातच धरून त्याच्या मागून गेला.